सुट्टीत दम कमी लागतो का?

बांधकामावरचा सुपरवायझर दम्यावर काय बोलणार, असं वाटेल. मी डॉक्टर नाही. पण आमच्या खोलीतला गाववाला इथे शारजात बेकरीत पीठ मळायला आहे. त्याच्याबरोबर दवाखान्याच्या खेपा मी घातल्यात, त्यातलं सांगतो.

दोन वर्षं त्याला काही झालं नाही. मग शिंका, डोळ्यांना पाणी, पुढे छातीत घरघर. खोकला उठायचा रात्री, खोलीवर आल्यावर, म्हणून आम्ही एसीला शिव्या घालत होतो. क्लिनिकमध्ये इन्हेलर मिळाला, कागदावर ‘दमा’ लिहिलं. काम काय करतोस, कुणी विचारलं नाही. यानेही सांगितलं नाही, परत पाठवतील ही भीती. गावी गेला तेव्हा महिनाभर शांत झोपला. परत आला, आठवड्यात पुन्हा तेच.

पाव फुगावा म्हणून पिठात इम्प्रूव्हर टाकतात. त्यात बरेचदा बुरशीपासून काढलेलं अल्फा-अमायलेज हे एन्झाइम असतं. ती पावडर श्वासातून जात राहिली की काहींना अ‍ॅलर्जी होते, आणि ती व्हायला महिने, वर्षंही लागतात. धुण्याच्या पावडरीतल्या एन्झाइमनेही हेच होतं. ब्रिटनमधल्या कारखान्यातल्या कामगारांचा असा आजार 1969 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता.

याची गव्हाची चाचणी निगेटिव्ह आली. तिथेच फाईल बंद झाली असती. छातीच्या डॉक्टरांनी इम्प्रूव्हरच्या पोत्याचं लेबल मागितलं आणि अमायलेजची चाचणी करायला लावली. ती पॉझिटिव्ह. म्हणून लेबलचा फोटो घेऊन जा. पावडर हुंगून स्वतः परीक्षा करायची नाही हं, तसली चाचणी फक्त मोठ्या हॉस्पिटलात, डॉक्टरांसमोर होते.

तरी अ‍ॅलर्जी आहे एवढ्याने दमा कामामुळेच, असं ठरत नाही. त्याला पीक फ्लो मीटर लागतो, फुंकायची साधी नळी. दर वेळी तीनदा फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा. दिवसातून निदान चार वेळा, सुमारे चार आठवडे, कामाचे दिवस आणि सुट्टीचेही. शेजारी त्या दिवशीचं काम आणि औषध. आपण काँक्रीटचे क्यूब 7 आणि 28 दिवसांनी फोडतो, एका क्यूबवर स्लॅब पास करत नाही, तसंच हे. कामावर आकडे पडतात, सुट्टीत चढतात, हे डॉक्टरांना कागदावर दिसतं.

हे सगळं नोकरी सोडण्याआधी, डॉक्टरांना सांगून. काम सुटलं की सिद्ध करणं अवघड जातं. मात्र दम लागून बोलता येईना, तर वही ठेवा बाजूला, थेट इमर्जन्सी गाठा.

आणि भीतीचं म्हणाल तर इथल्या 2021च्या कामगार कायद्यात कामामुळे झालेल्या आजाराच्या उपचाराचा खर्च मालकावर आहे. पण ‘दमा’ एवढंच लिहिलेल्या कागदावर तो मागता येत नाही, कामाशी संबंध लिहिलेला लागतो. आमच्या गाववाल्याच्या कागदावर आता तो लिहिलाय. मळणीवरून काढून डिलिव्हरीवर घेतलंय, पगार कमी झाला, त्याचं भांडण चालू आहे.

रकाने आखलेल्या दहा वह्या आणल्यात. बेकरीवाले, लाँड्रीवाले, जाताना घेऊन जा.