इंजिन बंद पडलं तर विमान शेतात कसं उतरतं?

आज जरा आभाळातलं बोलू.

२५ जुलै २०२२ ला बारामतीकडचं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. सेस्ना १५२, दोनच माणसं बसतील एवढं. आत बावीस वर्षांची मुलगी एकटी होती. इंजिनाची ताकद गेली, असं तेव्हा सांगण्यात आलं. विमानाचं बरंच नुकसान झालं, पोरगी मात्र किरकोळ मारावर वाचली.

इंजिन बंद म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. नाक किंचित खाली धरून वेग राखला, तर हे विमान घारीसारखं तरंगत येतं. हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर. तेवढ्यात वैमानिकाला शेत निवडायचं असतं. वारा समोरून हवा, सऱ्यांच्या दिशेनं उतरायचं, विजेच्या तारा आणि विहीर टाळायची. आपल्याकडचं जुलैतलं बुटकं सोयाबीन त्यातल्या त्यात बरं. उभी तूर नाही.

इंजिन थांबण्याचं एक कारण अगदी साधं असतं: इंधन संपणं. या विमानाच्या दोन्ही पंखांतल्या टाक्या मिळून कामाचं इंधन ९३ लिटरच्या आसपास. तासाला वीस-पंचवीस लिटर जातं. काट्यावर विसंबायचं नाही, उडण्याआधी टाकीत पट्टी बुडवून बघायची, ट्रॅक्टरच्या डिझेलला आपण काडी बुडवतो तशी. तळातून थोडं इंधन काढून पाणी आहे का तेही बघायचं, कारण पाणी खाली बसतं. दिवसा उडताना पोचल्यावरही निदान अर्ध्या तासाचं शिल्लक राहील, असा हिशोब धरायचा.

मोठ्यांचाही हिशोब चुकतो बरं. १९८३ मध्ये कॅनडात मोठ्या प्रवासी विमानात इंधन भरताना किलोच्या जागी पौंडाचा आकडा धरला. निम्मंच इंधन भरलं गेलं, वाटेत दोन्ही इंजिनं बंद. वैमानिकानं ते तरंगवत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, ६९ च्या ६९ माणसं वाचली. दूध मोजताना लिटर-किलोचा घोळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल.

आता अमरावतीला बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालंय. उद्या असं विमान आपल्या शिवारात उतरलं, तर आधी आजूबाजूच्या बिड्या, चुली विझवायला सांगा; हे इंधन पेट्रोलसारखंच भडकतं. पोरांना लांब ठेवा. पंख्याला हात लावू नका, थांबलेला असला तरी. आतलं माणूस बोलत असेल तर पट्टा सोडवायला मदत करा आणि ११२ ला फोन लावून गावाचं, शिवाराचं नाव नीट सांगा.