बाईच्या पुस्तकाला लागलेली कात्री
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी विचारलं, "इंग्रजी कादंबऱ्यांच्या चिकित्सक आवृत्त्यांशी आपला काय संबंध? तो तर प्राध्यापकांचा उद्योग!" संबंध आहे, आणि तो मी एकाच पुस्तकाच्या आधारे सांगणार आहे.

'चिकित्सक आवृत्ती' हा शब्द आपल्याकडे भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे माहीत झाला. वेगवेगळी हस्तलिखितं ताडून पाहायची, पाठभेद नोंदवायचे, असं ते काम १९१९ ते १९६६ चाललं. छापील कादंबरीला याची काय गरज, असं वाटेल. पण छापील पुस्तकसुद्धा बदलत जातं. खिळे जुळवणारा चुकतो, प्रकाशक कात्री लावतो, घरची माणसं 'सुधारणा' करतात.

ॲन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही कादंबरी जून १८४८ मध्ये लंडनच्या न्यूबी या प्रकाशकाने तीन खंडांत काढली. लेखकाचं नाव छापलं होतं ॲक्टन बेल. कादंबरीतली हेलन दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याला सोडून लहान मुलाला घेऊन निघून जाते, खोटं नाव घेऊन राहते आणि चित्रं विकून पोट भरते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची असे. तो कायदा बदलायला १८७० उजाडावं लागलं. मुलावरचा पहिला हक्कही बापाचाच. म्हणजे हेलन कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच ठरली असती.

पुस्तक खपलं, पण टीकाकार खवळले. असले विषय असभ्य आहेत, म्हणाले. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीला ॲनने प्रस्तावना जोडली. आपल्याला खरं सांगायचं आहे, आणि पुरुषाने लिहिलेलं चालतं तर बाईने लिहिलेलंही चाललं पाहिजे, असं तिने ठणकावलं. मे १८४९ मध्ये, २९ व्या वर्षी, ती गेली.

१८५० मध्ये बहिणींची पुस्तकं पुन्हा छापायची वेळ आली. एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' निघाली. 'टेनंट' मात्र शार्लटने येऊ दिली नाही. हा विषय निवडण्यातच ॲनची चूक झाली, असं तिचं मत होतं. शार्लटला खलनायिका ठरवायचं कारण नाही. आठ-नऊ महिन्यांत तिन्ही भावंडं गमावलेली ती बाई धाकटीचं नाव जपू पाहत होती. पण बाईचं नाव जपायचं म्हणून तिचा शब्द झाकायचा, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही.

मग १८५४ मध्ये हॉजसन नावाच्या प्रकाशकाने एका खंडात स्वस्त आवृत्ती काढली. जागा वाचवायला त्यात सुरुवातीचं पत्र गेलं, प्रकरणांची शीर्षकं गेली, कुठे शब्द, कुठे परिच्छेद गेले. २८ वं प्रकरण जवळजवळ सगळंच गेलं. या प्रकरणात हेलन मुलाविषयी, आईपणाच्या भीतीविषयी लिहिते. पुढच्या अनेक आवृत्त्या हाच कापलेला मजकूर घेऊन निघाल्या. पिढ्यान्पिढ्या वाचकांनी अर्धवट पुस्तक वाचलं आणि रचना विस्कळीत असल्याचा दोष ॲनच्या माथी मारला!

कादंबरीत नवरा हेलनची रोजनिशी हिसकावून वाचतो आणि तिचं रंगसाहित्य जाळतो. तो उघड जुलूम आहे, दिसतो. कात्री दिसत नाही. सलग छापलेलं पान पाहून इथून काही गेलंय हे कुणाला कळणार?

ते कळावं म्हणून संपादक बसतात. ॲनचं हस्तलिखित आज उपलब्ध नाही, म्हणून १८४८ च्या छापील मजकुराकडेच जावं लागतं. त्याच्याशी पुढच्या प्रती ओळीओळीने ताडायच्या. फरक दिसला की ठरवायचं, ही छापखान्याची चूक, लेखिकेची दुरुस्ती, की तिसऱ्याच कुणाची ढवळाढवळ? जे बदललं ते कारणासह नोंदवायचं, म्हणजे वाचणारीला संपादकाचाही हात धरता येतो. काम कंटाळवाणं, डोळे फोडणारं. हर्बर्ट रोझेनगार्टन यांनी संपादित केलेली ऑक्सफर्डची आवृत्ती १९९२ मध्ये आली, म्हणजे मूळ पुस्तकानंतर १४४ वर्षांनी.

'वुदरिंग हाइट्स'मधला नोकर जोसेफ अस्सल यॉर्कशरची बोली बोलतो. परगावच्या वाचकांना कळावी म्हणून शार्लटने १८५० मध्ये ती सौम्य केली. चिकित्सक आवृत्तीने एमिलीची बोली परत आणली आणि अर्थ टिपांमध्ये दिला. बोली समजत नसेल तर टीप द्यावी, बोली बदलू नये.

आपल्याकडे ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये निघालं आणि विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. चळवळीला आधीच्या बायका अशा कुणाच्या तरी कष्टातून मिळतात.

म्हणून माझं सांगणं इतकंच. गटात 'टेनंट' वाचायला घ्याल तेव्हा प्रत तपासा. पहिल्या प्रकरणाआधी गिल्बर्टने हॅलफर्डला लिहिलेलं पत्र आहे का? प्रकरणांना शीर्षकं आहेत का? नसतील तर ती प्रत बाजूला ठेवा.

आणि केंद्रावर आलेल्या बाईचं म्हणणं लिहून घेताना हाच नियम पाळा. ती "मारलं" म्हणाली तर "किरकोळ वाद" लिहू नका. तिची बोली प्रमाण भाषेत घोटू नका. संक्षेप करावा लागलाच, तर तो केल्याचं कागदावर नोंदवा आणि मूळ कागद जपून ठेवा. पुढे तो कागद कोर्टात जाईल, अहवालात जाईल, आणखी कुणी त्यावरून लिहील. प्रत्येक पायरीवर कात्री हातात असलेलं कुणीतरी बसलेलं असेल. मूळ कागद जपला, तरच काय कापलं गेलं ते पुढे कुणाला दाखवता येईल.