जोडाचा भरंवसा

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें तिला मंजुरी दिली. अशी लहर अमेरिकेंतील भगिनी-वेधशाळांनीं २०१५ सालीं प्रथम टिपली. चार किलोमीटरांच्या भुजेंत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याइतका फरक पडला, तरी तो कळावा लागतो. लेसर व आरसे यांची कीर्ति सर्वत्र झाली आहे. पण त्यांचें वृत्त घेऊन येणारी तार सर्किट बोर्डाला ज्या कनेक्टरनें जोडलेली असते, त्याची विचारपूस क्वचितच होते.

कनेक्टरच्या पिना बोर्डाच्या छिद्रांतून घालून त्यांस डाख देतात. कथील-शिशाचा नेहमींचा डाख सुमारें १८३ अंश सेंटिग्रेडला वितळतो. परंतु पिन आणि बोर्डावरील तांबें हीं दोन्हीं पुरेशीं तापलीं नाहींत, तर तो वरवर बसतो, पकड घेत नाहीं. असा कच्चा जोड आज वीज वाहून नेतो आणि उद्यां लहानशा हादऱ्यानें खरखर करूं लागतो. तारेची ओढही डाखावर पडूं नये. ती कनेक्टरच्या स्क्रूंनीं सोसावी, हें दुसरें पथ्य.

ढिल्या जोडाचा प्रताप इटलींत दिसला. २०११ सालीं ‘ऑपेरा’ प्रयोगांत न्यूट्रिनो प्रकाशापेक्षां सुमारें ६० नॅनोसेकंद आधीं पोंचल्याचें जाहीर झालें आणि जगभर खळबळ उडाली. २०१२ मध्यें मुख्य कारण सांपडलें: घड्याळाकडे येणाऱ्या प्रकाशतंतूचा कनेक्टर नीट बसलाच नव्हता!

कृष्णविवरांच्या टकरीची वार्ता औंढ्याच्या माळावर उतरेल, तेव्हां तिलाही अशाच जोडांतून जावें लागेल. ती वार्ता कीं नुसती खरखर, याचा भरंवसा डाख देणाऱ्या हातावरही राहील.