हिरवळ कापणाऱ्या गाडीचें मौन



अमेरिकेंतील ओहायो किंवा इलिनॉय या राज्यांत एप्रिल महिना लागला, कीं घराभोंवतालची हिरवळ झपाट्यानें वाढूं लागते. मग हिवाळाभर कोपऱ्यांत उभी करून ठेविलेली, वर बसून चालवावयाची हिरवळ कापणारी गाडी बाहेर काढण्यांत येते. घरधनी आसनावर बसतो, किल्ली फिरवितो, आणि गाडी ढिम्म हालत नाहीं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थांवरही हा प्रसंग येतो. अशा वेळीं पहिला निष्कर्ष ‘स्टार्टर गेला’ असा निघतो, आणि पुष्कळदां तो चुकीचा ठरतो.

हिरवळ कापण्याचें यंत्र इंग्लंडांतील एडविन बडिंग यानें १८३० सालीं काढलें. तें माणूस ढकलीत असे. विजेच्या स्टार्टरचें श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञाकडे जातें. त्याचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला. तत्पूर्वीं दांडा हातानें फिरवावा लागे, आणि त्याच्या उलट्या झटक्यानें मनगटें मोडत. केटरिंगनें ओळखलें तें असें, कीं या कामाला सतत राबणारी मोठी मोटर नको; कांहीं सेकंद भारी ओझें उचलणारी लहान मोटर पुरे. स्टार्टरचें बळ आणि त्याचें दुखणें दोन्ही यांतच आहेत. त्याला प्रवाह थोडा वेळ लागतो, पण फार मोठा लागतो. म्हणूनच किल्ली पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये, आणि मध्यें मिनिटभर विसावा द्यावा.

बॅटरींतून प्रवाहाच्या दोन वाटा निघतात. बारीक तारेची वाट किल्लींतून सोलेनॉइड नांवाच्या विद्युच्चुंबकीय खटक्यापर्यंत जाते. हा खटका ओढला गेला म्हणजे जाड तारेची दुसरी वाट जुळते व स्टार्टरला प्रवाह मिळतो. बारीक वाटेवर पहारेकरी बसविलेले असतात. ब्रेक दाबलेला नसेल किंवा पातीं जोडलेलीं असतील, तर ती वाट तुटलेलीच राहते. कांहीं गाड्यांत आसन रिकामें असलें तरीही.

म्हणून हत्यारांच्या आधीं कान वापरावा. कांहींच आवाज आला नाहीं, तर बॅटरी अगदीं उतरली आहे, फ्यूज जळला आहे, किंवा एखादा पहारेकरी वाट अडवीत आहे. एकच ‘खट्’ झालें, तर बारीक वाट ठीक आहे. दोष जाड वाटेंत, खटक्याच्या जळलेल्या मुखांत किंवा मोटरींत शोधावा. ‘खट्खट्खट्’ असा ताशा वाजला, तर बहुधा बॅटरी अशक्त आहे: खटका ओढला जातो, ओझें पडतांच दाब कोसळतो, खटका सुटतो, दाब पुन्हा वर येतो. आणि मोटर गरगर फिरूनही एंजिन हाललें नाहीं, तर तिचें लहान दांतेरी चाक एंजिनच्या मोठ्या चाकांत गुंतत नाहीं.

येथें पुष्कळ जण एका गोष्टीनें फसतात. दिवा लख्ख लागतो, तेव्हां बॅटरी व तारा चांगल्याच असणार, असें त्यांस वाटतें. आतां हिशेब करून पाहावा. गंजलेल्या सांध्याचा अवरोध एका ओहमचा विसावा भाग धरला, तर दिव्याच्या दोन अँपिअर प्रवाहानें तेथें दाब केवळ ०.१ व्होल्टनें घटतो. दिव्याला तें जाणवतही नाहीं. परंतु स्टार्टर १०० अँपिअर मागूं लागला, कीं त्याच सांध्यांत ५ व्होल्ट खर्ची पडतात, आणि १२ व्होल्टांची मोटर उपाशी राहते. म्हणून परीक्षा ओझ्याखालीं करावी. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यांत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. किल्ली फिरवितांना ती साडेनवांच्या खालीं गेली तर दोष बहुधा तिचाच. ती टिकून राहिली आणि स्टार्टरपाशीं मात्र दाब पोंचला नाहीं, तर सांधे तपासावेत. प्रथम ऋण टोंकाची तार सोडावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें व तारेच्या ब्रशानें टोंकें घासावींत, आणि ती तार शेवटीं जोडावी. गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें तिचें दुसरें टोंक विसरूं नये. इतकें झाल्यावांचून नवा स्टार्टर विकत आणूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाईंत कोणी आसनाखालच्या खटक्याला बगल देऊन तारा कायमच्या जोडून टाकतो. कोणी पेचकस सोलेनॉइडच्या दोन टोंकांवर आडवा धरतो. एंजिन सुरू होतेंही. परंतु गाडी गिअरमध्यें असेल तर ती पुढें उभ्या असलेल्या त्याच माणसाच्या अंगावर धांवते. पात्याच्या टोंकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षां अधिक नसावा, असें अमेरिकन मानक आहे. म्हणजे ताशीं सुमारें ३४७ किलोमीटर. चालक उतारावरून घसरून पडला, तर एंजिन बंद पाडणारा तो आसनाखालचा क्षुद्र खटकाच असतो. तो बिघडला तर बदलावा. त्याला फसवूं नये.

यंत्राचें मौन दोन प्रकारचें असतें: एक अशक्तपणाचें आणि दुसरें नकाराचें. पहिल्यावर औषध करावें. दुसऱ्याचें कारण मात्र आधीं शोधावें, कारण तो नकार पुष्कळदां बसणाऱ्याच्या पायांसाठींच असतो.