‘यांना काय येतं?’

(मुरुम येथे मंडळीतील भगिनी आणि मिशनचे हितचिंतक यांच्या सभेत केलेलं भाषण)



मला बोलायला दिलेला विषय आहे, ‘निर्मितीची शक्ती : देवाची देणगी’. हा विषय ऐकला की आपल्यासमोर नाताळची गायनं, संडेस्कूलची नाटकं, पेटी वाजवणारे आपले भाऊ, सुंदर अक्षरात वचनं लिहिणाऱ्या आपल्या ताई येतात. त्या सगळ्यांबद्दल देवाची स्तुती असो. पण आज मी त्यांच्याबद्दल बोलणार नाही. ज्यांना कोणी कलावंत म्हणत नाही आणि ज्या स्वतःलाही तसं म्हणत नाहीत, त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

निर्गमाच्या पुस्तकात बसालेलची गोष्ट आहे. निवासमंडपाच्या कामासाठी देवानं त्याला नाव घेऊन बोलावलं आणि आपल्या आत्म्यानं भरलं. सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांचं काम त्याच्याकडे होतं. पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्यानं भरलेला म्हणून ज्यांचा उल्लेख येतो, त्यांत अगदी सुरुवातीला हा कारागीर आहे. बसालेल आपल्या लक्षात राहतो. पण पस्तिसाव्या अध्यायात काही बायाही आहेत. त्यांनी घरी बसून सूत कातलं, बकऱ्याचे केस कातले. त्यांची नावं दिलेली नाहीत. मात्र त्यांच्या हातांत जे होतं त्यालाही शास्त्र बुद्धी आणि कौशल्यच म्हणतं. त्या केसांच्या पडद्यांनीच निवासमंडप झाकला गेला. आत सोनं होतं, पण ऊनवारा अडवला तो या बायांच्या सुतानं.

मग कल्पकता कशाला म्हणायचं? माझ्या साध्या समजुतीप्रमाणे, हातात आहे तेवढ्यातून नसलेली वाट काढणं, म्हणजे कल्पकता. कफर्णहूमच्या त्या चौघांची आठवण करा. पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून त्यांनी आणलं, तर दारात माणूस मावेना. दुसरे कोणी असते तर माघारी गेले असते. हे वर चढले, छप्पर उस्तरलं आणि बाज दोरांनी खाली सोडली. ते कोणी सुतार किंवा गवंडी होते, असं लिहिलेलं नाही. पण छपरातूनही दार करता येतं, हे त्यांना सुचलं. प्रभूनं त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क सांगतो. तो दिसला कुठून? त्या भगदाडातून!

आपल्या भागाला छपराची गोष्ट वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला, लातूरचा औसा आणि आपला उमरगा तालुका हादरला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. तेच झोपेतल्या माणसांवर आलं. हजारो गेले. त्यानंतर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं सरकारी काम निघालं, तेव्हा गावोगाव बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना उभं केलं. ज्या बायकांना गावच्या बैठकीत पुढे बसायची सवय नव्हती, त्या भिंतीत आरपार दगड का घालायचा, पट्टी का ओतायची, हे शेजारणींना समजावू लागल्या. इंजिनिअरची भाषा चुलीपुढच्या भाषेत आणणं ही काय लहान निर्मिती झाली?

त्याहून जुनी गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. रेशनवर तांबडा मिलो यायचा. आपल्या म्हाताऱ्या सांगतात, त्या पिठाची भाकरी थापता थापता तुटायची. मग कोणी आधणाचं पाणी घालून पीठ मळलं, कोणी घरातलं मूठभर ज्वारीचं पीठ त्यात मिसळलं. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईनं हे शोधलं, शेजारणीला सांगितलं आणि लेकरांच्या ताटात अख्खी भाकरी पडली. या शोधाखाली कोणाची सही नाही.

आता वस्तीवर येऊ. आपलं काम पारधी बांधवांमध्ये आणि उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमध्ये चालतं. उसतोडीत नवराबायकोच्या जोडीला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? ‘एक कोयता.’ मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. माणसाला हत्याराच्या नावानं मोजायला लागलं, की त्याला डोकंही आहे हे विसरायला होतं.

आमच्या एका बचत गटाच्या खजिनदार बाईंना लिहितावाचता येत नाही. तरी वहीत चूक सापडत नाही. त्यांनी प्रत्येक बाईला एक खूण दिली आहे. जिची शेळी आहे तिला शेळी, जिचं घर लिंबाखाली तिला पान, जी बांगड्या विकते तिला गोल. खुणेपुढे भरलेल्या हप्त्याची उभी रेघ, थकला तर आडवी. बँकेतल्या साहेबांनाही ती वही पाच मिनिटांत वाचता आली.

पण आपली नजर अशी आहे, की हीच गोष्ट आपल्या घरच्या मुलानं केली तर आपण म्हणतो ‘हुशार आहे’, आणि पारध्याच्या मुलानं केली तर म्हणतो ‘चलाख आहे, जपून राहा’. हा शब्दांचा फरक कुठून आला? १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण शिक्का लोकांच्या मनात राहिला. पाखराचा माग, वाऱ्याची दिशा, फास कुठे लावायचा हे पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ज्ञान संशयाचं कारण ठरलं. आपल्या प्रभूलाही त्याच्या गावानं असंच पाहिलं. ‘हा तर सुतारच’ म्हणून नासरेथच्या लोकांनी त्याला बाजूला सारलं. हातानं काम करणाऱ्याला शहाणपण कुठलं, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न आपण वस्तीच्या तोंडाशी उभे राहून विचारतो, ‘यांना काय येतं?’

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनीही विचारला, पण निराळ्या सुरात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं अन्न दिलं नाही. कोणी शेती, कोणी विणकाम, कोणी छापखाना असं ज्याच्या त्याच्या हाताला काम शोधलं. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे तिथल्याच मुलींनी जुळवले. दुष्काळात जिला टाकून दिलं होतं, तिच्या बोटांनी देवाचं वचन छापलं गेलं.

आता आजची गोष्ट सांगतो. आपल्या वस्तीवर तेरा वर्षांची एक मुलगी आहे. दर वर्षी हंगामात आईबापाबरोबर उसाच्या फडात जाते, परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. वाचनात ती कच्ची ठरली. पण फडावरच्या कोपीत बसून घरच्या खेपा, वजनकाट्याच्या पावत्या आणि उचलीतून झालेली कपात यांचा हिशेब तीच ठेवते. टनाचा भाव सांगा, ती तोंडी रक्कम सांगते. आमच्या अभ्यासिकेतल्या ताईंनी तिला तोच हिशेब फळ्यावर मांडायला लावला आणि त्यावरून लिहायला-वाचायला शिकवलं. मुलगी आता धडे वाचते.

पण अडचण इथंच आहे. तिची हुशारीच तिला शाळेपासून ओढते. आई म्हणते, ‘ही नसली तर आमचा हिशेब कोण बघणार? मुकादम सांगंल तेच खरं मानायचं का?’ आईचं काही चूक नाही. तिला आम्ही शिक्षणाचं महत्त्व सांगून काय उपयोग? वाट काढली ती खजिनदार बाईंनी. त्या म्हणाल्या, ‘मी तुला माझ्या खुणा शिकवते. खेपेला रेघ, टनाला गोल. पोरीला ऱ्हाऊ दे आजीपाशी.’ गेले तीन आठवडे संध्याकाळी दोघी वही घेऊन बसतात. आईला ते जमलं आणि आजीच्या शिधापाण्याची सोय झाली, तर मुलगी या हंगामात शाळेत राहील. नाहीतर दिवाळीच्या सुमाराला ती ट्रॅक्टरमध्ये बसेल. एकदा दोन हंगाम बुडाले की पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्न!

म्हणून तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. पहिली, वस्तीवर याल तेव्हा ‘तुम्हाला काय हवंय’ याआधी ‘तुम्हाला काय काय येतं’ असं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बसा. आमच्या पाहणीच्या फॉर्मवर गरजांचे रकाने पुष्कळ आहेत. या तिमाहीपासून त्यात हा एक रकाना वाढवत आहोत. दुसरी, हंगामात आजी-आजोबांपाशी मागे राहणाऱ्या मुलांच्या शिध्याचा भार मंडळीनं उचलावा. एका घरानं एका मुलाचा भार घेतला तरी चालेल. तिसरी, आपल्या घरातही पाहा. उरलेल्या कापडाची वाकळ शिवणारी सासू, तुटलेल्या पंपाला चालता करणारा गडी, भांडण मिटवायला नेमका शब्द शोधणारी सून, यांना कधी तरी सांगा की हे देवाचं देणं आहे. ज्याला आपल्या घरातलं दिसत नाही, त्याला वस्तीवरचं कसं दिसेल?

निर्माणकर्त्यानं आपल्याला आपल्या प्रतिरूपाचं केलं. ते प्रतिरूप मंदिराच्या वेदीजवळ जेवढं आहे तेवढंच पालातही आहे. ते ओळखण्याची नजर प्रभू आपल्याला देवो, आणि त्या मायलेकींची वही या हंगामात पुरी होवो, हीच माझी प्रार्थना. आमेन.