पिवळ्या फुलावरचा आळ



लग्नसमारंभातल्या गुच्छात गुलाबांच्या आजूबाजूला बारीक पिवळ्या फुलांचे तुरे खोचलेले तुम्ही पाहिले असतील. फूलवाले त्यांना 'गोल्डन रॉड' म्हणतात. आपल्याकडे त्याची लागवड होते, पण त्याचे माहेर मुख्यतः उत्तर अमेरिका. तेथे माळावर, रस्त्याच्या कडेला ते आपोआप उगवते.

उन्हाळा सरता सरता ते बहरते. नेमक्या त्याच दिवसांत तेथे पुष्कळांना शिंका येतात, डोळ्यांतून पाणी वाहते. लोकांनी सभोवार पाहिले, पिवळेधमक फूल दिसले आणि दोष त्याच्या माथी मारून मोकळे झाले. वास्तविक त्याचे परागकण जड व चिकट. ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. खरे अपराधी 'रॅगवीड' नावाचे तण, आपल्या गाजरगवताचे नातलग. त्याची हिरवट फुले कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत; पराग मात्र वाऱ्याबरोबर दूरवर जातो.

आता या बदनाम फुलाकडे कोण कोण येते ते पाहा. इतर फुले संपत आलेली असताना 'बंबलबी' या केसाळ माश्यांच्या नव्या राण्या येथे मकरंद पिऊन अंगात चरबी साठवतात आणि हिवाळा जमिनीत काढतात. पुढच्या वर्षीची वसाहत त्या एकट्या राणीवर अवलंबून! मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरेही वाटेत येथे थांबतात.

मला सर्वांत नवल वाटते ते त्याच्या खोडावरील सुपारीसारख्या गाठीचे. एक लहानशी माशी खोडात अंडे घालते. अळीभोवती खोड फुगते आणि तिला घर मिळते. कडाक्याच्या थंडीत अळीच्या अंगातील पाणी गोठते, तरी ती मरत नाही! ग्लिसरॉलसारखे पदार्थ तिच्या पेशी सांभाळतात. थंडीतून ती वाचते, चोचीतून वाचेलच असे नाही. एक छोटा सुतार पक्षी गाठीला भोक पाडून तिला अचूक बाहेर काढतो. बर्फाच्या दिवसांत त्याला दुसरे मिळणार तरी काय?

एक गोष्ट लपवू नये. युरोप व चीनमध्ये नेलेली याची एक जात तेथे उपद्रवी तण ठरली आहे. मायदेशी मात्र वाळलेली झाडेही कामाची. कोणी ती कचरा समजून हिवाळ्याआधीच कापून जाळली, तर गाठीतली अळी गेली आणि सुतार पक्ष्याचा घासही गेला.