मातीचा किल्ला आणि पडद्यावरची वाडी
(रत्नागिरी येथील भाषणातून)



दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून त्यावर अळीव पेरणाऱ्या आपल्या मुलांना वसाहत वसविण्याचा खेळ नवा नाही. स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ साली एकट्याने आरंभलेला 'माइनक्राफ्ट' हा ठोकळे रचण्याचाच खेळ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'च्या छोट्या चमूने २०१७ साली लोकवर्गणीत अपयश येऊनही २०२० साली 'राजी' हा संगणकीय खेळ पूर्ण केला. दुर्गा आणि विष्णू त्याची कथा सांगतात! मग रत्नागिरीच्या एखाद्या तरुणाने जांभ्याची घरे, पाखाडी, आगर असलेली काल्पनिक वाडी का रचू नये? मात्र संगणकाला मोघम उत्तर चालत नाही. वैशाखात विहिरीचे पाणी किती हात खाली जाते, हे त्याला आधी आजोबांना विचारावे लागेल.